गोठ्यातली बाळंतीण

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मिस्सा संपली आणि आमच्या चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, यंदा तुम्ही आराम करा."

मला वाटलं, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतायत. पण ते गोठ्याबद्दल बोलत होते. नाताळात येशूच्या जन्माचा जो देखावा मांडतात त्याला आम्ही गोठाच म्हणतो, आणि रत्नागिरीतल्या आमच्या चर्चचा गोठा गेली चौतीस वर्षं मी करत आलो होतो.

"मुंबईहून मागवलाय," सेक्रेटरी म्हणाले. "फायबरचा. आतून लाइट लागतात. ओल्या फडक्यानं पुसला की झालं. शिवाय रिमोट आहे."

"गोठ्याला रिमोट कशाला?"

"तारा चमकवायला."

मी काही बोललो नाही. घरी आलो आणि मग पुष्कळ बोललो. माझी बायको सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. लोकांची आरडाओरड शांतपणे ऐकून घ्यायची तिला नोकरीतच सवय लागली. तिनं भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "गोठा गेला म्हणून चिडलात, की तुमचा गोठा गेला म्हणून?"

हा प्रश्न मला त्या दिवशी अजिबात आवडला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. तरुणपणी मे महिन्याच्या सुट्टीत गणपतीच्या शाळेत काम केलं होतं. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. तिथला म्हातारा मूर्तिकार मला म्हणायचा, तुमच्या देवाला पण माती चालते की नाही? मग मी त्याच शाडूत माझ्या देवाची माणसं घडवली. दीड हात उंचीची मरिया, हिरव्या लुगड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली. योसेफ मुंडासं बांधलेला. आपल्या कोकणातला बुटका बैल, एक गाढव, तीन मेंढपाळ. एका फादरना मरियेचं लुगडं खटकलं होतं. त्यांच्यानंतर आलेल्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवलं. दोन्ही वेळा मी सारखाच फुगलो होतो, एकदा रागानं आणि एकदा आनंदानं.

तर असा मी घरात बसून धुमसत होतो, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आरे-वारेच्या रस्त्याला, समुद्रावर नजर टाकणाऱ्या एका नव्या रिसॉर्टचा तो मॅनेजर झाला होता.

"सर, तुमच्यात ख्रिसमस असतो ना?"

"आमच्यात नाताळ असतो."

"तेच ते. आम्हाला एक ऑथेंटिक गोठा पाहिजे. लॉनवर. गेस्ट फार खूश होतील."

खरं म्हणजे तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, बघू दे कमिटीला, बाहेरची माणसं मला बोलावतात. मी हो म्हटलं. बायको म्हणाली, "जा. पण परत येऊन माझ्यापुढे कुरकुर करू नका." ही अट मी पहिल्याच दिवशी मोडली.

वीस तारखेला टेम्पोत मूर्ती, बांबू आणि भाताचा पेंढा घालून मी रिसॉर्टवर पोचलो. सकाळचे अकरा वाजलेले, ऊन तापलेलं, अंगाची नुसती काहिली होत होती, आणि लॉनवर दोन माणसं यंत्रानं फेस उडवून बर्फ पाडण्याची तालीम करत होती. मधोमध सांताक्लॉज. हवा भरून फुगवलेला, दोन पुरुष उंच. त्याच्या पाठीला पंपाची नळी जोडलेली आणि पंपाची घरघर अखंड चालू. वीज गेली की तो पुढे वाकायचा आणि हळूहळू कपाळ जमिनीला टेकवायचा. वीज आली की परत उठून हात हलवायचा. त्याच्या आजूबाजूला प्लास्टिकची हरणं. माझ्या गोठ्याला जागा दिली होती ती सांताच्या डाव्या पायाशी, 'सेल्फी पॉइंट' अशा पाटीखाली.

मी चार चिरे मांडून त्यावर बांबूचा मांडव उभा केला, वर पेंढा शाकारला. पाणी प्यायला गेलो आणि येऊन बघतो तर पेंढ्यावर कापूस पसरलेला.

"हे काय?"

"बर्फ, सर," डेकोरेशनवाला म्हणाला.

"बेथलेहेमात बर्फ कुठला?"

"ख्रिसमस म्हटल्यावर बर्फ पाहिजेच ना."

मी कापूस उपटून काढला. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला, त्यानं गोठा न्याहाळला आणि वाकून गव्हाणीत बघितलं. "सर, बाळ कुठाय?"

"चोवीसला संध्याकाळी ठेवायचं. जन्मायच्या आधी कसं ठेवणार?"

"पण गेस्ट बावीसपासून येतायत! ते फोटो काढणार, आणि मेन आयटमच मिसिंग."

"अरे, वाट बघणं हाच तर त्याचा अर्थ आहे. चार आठवडे आम्ही वाट बघतो."

त्यानं मान डोलावली. वर्गात फळ्यावर लिहिलेलं कळलं नाही की तो अशीच मान डोलवायचा. बावीस तारखेला मी गोठा नीट आहे ना बघायला गेलो, तेव्हा गव्हाणीत टोपी घातलेलं एक लोकरीचं अस्वल निजवलं होतं. "तात्पुरतं, सर," मॅनेजर म्हणाला.

मी अस्वल काढून सांताच्या पायाशी आपटलं आणि पेंढा सारखा करायला खाली बसलो. गुडघे कुरकुरत होते, मी त्यांच्याहून जास्त. तेवढ्यात लॉन झाडणारी बाई हातातला खराटा थांबवून माझ्यामागे येऊन उभी राहिली. पन्नाशीची, जवळच्याच गावातली. मला वाटलं, आता ही पण विचारणार, बाळ कुठाय.

"मास्तर, ही गरवार हाय ना?" तिनं मरियेकडे बोट केलं.

"हो. म्हणजे, चोवीसला बाळंत होणार."

"पयलटकरीण?"

"हो."

"मग माहेरी नाय गेली ती?"

मी सांगितलं, की सरकारची शिरगणती होती, ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहायचं, नवऱ्याचं गाव लांब होतं, म्हणून दोघं निघाली. गावात पोचली तर धर्मशाळेत जागा नाही, मग गोठ्यात उतरली. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की तोंड आपोआप चालतं.

बाई म्हणाली, "भरल्या दिवसांची बाय एवढ्या लांब चालत नेली? ह्येच्या आईनं सांगितलं नाय त्याला काय?"

"तसं लिहिलेलं नाही."

"सुईण कोन व्हती?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मग नाळ कोनी कापली? ह्या बाप्यानं?" तिनं माझ्या योसेफाकडे असं काही बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"काय माहीत," मी म्हटलं. मला राग आला होता. कुणावर ते कळत नव्हतं.

"एवढं समदं बनवलंत," ती म्हणाली, "बैल बनवलात, गाढाव बनवलंत, मेंढरांची मानसं बनवलीत. एक बाईमानूस नाय तिच्यापाशी. कुनी तरी आलीच असंल वो शेजारची. बाय वराडली म्हनजे शेजारीन येतेच." आणि मग ती खराटा ओढत निघाली. जाता जाता सांगून गेली, की तिचंही पहिलं बाळंतपण सासरीच झालं. माहेर दाभोळला. आई यायला निघाली होती, पण वादळामुळे खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद. "सासू चांगली व्हती माजी. पन आई ती आई. दोन दिस मी दारात नजर लावून व्हते."

घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं. म्हटलं, बघ, कसले कसले प्रश्न विचारतात लोक.

तिनं चष्मा काढला. "कसले कसले? हेच तर प्रश्न आहेत. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, पहिली खेप, दिवसचे दिवस प्रवास, खाली शेण, पाणी तापवायला चूल आहे की नाही माहीत नाही. माझ्या वॉर्डात अशी केस आली असती तर मी देवाचा धावा केला असता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? गोठा झाला की मला बोलवायचात ते मरियेचा पदर नीट दिसतोय का बघायला."

चोवीसला संध्याकाळी पाच वाजता मी बाळ फडक्यात गुंडाळून रिसॉर्टवर गेलो. वीतभर शाडूचं बाळ, मी घडवलेल्या सगळ्यांत तेच मला बरं जमलं होतं. विचार असा होता, की शांतपणे गव्हाणीत ठेवावं, गुडघे टेकून एक प्रार्थना म्हणावी आणि वेळेवर चर्चला परतावं.

लॉनवर पाय ठेवायला जागा नव्हती. फेसाचा बर्फ उडत होता. एक मुलगा लाल कोट आणि कापसाची दाढी लावून घामानं निथळत चॉकलेटं वाटत होता. हातात माइक घेतलेला एक निवेदक ओरडत होता, "जो पालक सगळ्यात मोठ्यांदा हो-हो-हो करेल त्याला स्पा व्हाउचर!" मी कडेकडेनं गोठ्याकडे निघालो, तर मॅनेजरनं गाठलंच.

"सर, थांबा, थांबा! आपण ह्याचा इव्हेंट करू. काउंटडाउन घेऊ. दहापासून उलटे आकडे, मग तुम्ही बाळ ठेवायचं, फटाका, केक कापायचा, सगळे हॅपी बर्थडे म्हणतील."

"नको."

"सर, दोनच मिनिटं."

निवेदकानं ऐकलंच होतं. "आणि आता आपल्यामध्ये आलेत," तो माइकमध्ये म्हणाला, "बेबी जीजसना घेऊन... काका!" टाळ्या पडल्या. दहा, नऊ, आठ सुरू झालं. पोरं उड्या मारत मोजत होती. मी सातलाच गोठ्यापाशी पोचलो, वाकलो आणि निवेदकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "बाळंतपण आकडे मोजून होत नाही!" तो माझ्या मागोमागच आला होता, त्यामुळे ते शब्द त्याच्या माइकमधून सगळ्या लॉनवर गेले. मग लोक हसले. त्यांना तो कार्यक्रमातलाच विनोद वाटला.

गव्हाणीत बघितलं तर पेंढ्यावर मऊ सुती कापड अंथरलेलं होतं. जुन्या पातळाचा तुकडा, धुऊन धुऊन विरलेला, चौघडी करून ठेवलेला. मी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ती झाडूवाली बाई उभी होती. तिनं हातानंच खूण केली: ठेवा, ठेवा. नंतर मी निघताना म्हणाली, "गवात टोचलं असतं त्याला. आनि पेंढ्यात पिसवा असतात."

मी बाळ त्या कापडावर ठेवलं. मागे फटाका फुटला, केक कापला गेला, गाणं वाजलं. प्रार्थना काही झाली नाही. तणतणतच रिक्षात बसलो.

पंचवीसला सकाळी चर्चमध्ये त्या फायबरच्या गोठ्यासमोरच्या बाकावर जागा मिळाली. तारा निळा, मग जांभळा, मग गुलाबी. गुळगुळीत, गोरीपान मरिया गुडघ्यांवर ताठ बसून हात जोडून होती. केस विंचरलेले, गाल गुलाबी, अंगावरच्या वस्त्राला एक चुणी नाही. कालच बाळंत झाल्याची एक खूण तिच्या अंगावर नव्हती. मला मनातून बरं वाटलं. बघा म्हटलं, बाजारातून आणलेला देव असा असतो.

आणि लगेच आठवलं, की माझीही मरिया अश्शीच बसलेली आहे. लुगडं हिरवं, एवढाच काय तो फरक. तीही ताठ, तीही हात जोडलेली, तिच्याही पदराची घडी मोडलेली नाही. चौतीस वर्षं मी त्या पदराच्या चुण्यांवर मेहनत घेतली आणि आतल्या पोरीकडे बघितलंच नाही. रिसॉर्टवाल्यांनी नाताळचा धंदा केला म्हणून मी पाच-सहा दिवस दात-ओठ खात होतो. मी तरी त्याचं काय केलं होतं? प्रदर्शन. पंचवीस तारखेला लोक गोठा बघून काय म्हणतात, ते ऐकायला दाराशी उभा राहायचो. तोच माझा नाताळ.

फादर वेदीवरून सांगत होते, की देव माणूस झाला. हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. त्या दिवशी पहिल्यांदा पुढचा विचार आला: माणूस झाला म्हणजे कुणाच्या तरी हातावर यावं लागलं. कुणी तरी त्याला झेललं असणार, पुसलं असणार, गुंडाळलं असणार. त्या हातांवाचून तो एक दिवसही जगला नसता. आणि ते हात कुणाचे, हे विचारायचं एका झाडूवाल्या बाईला सुचलं, मला नाही.

असं असलं तरी मी एका रात्रीत संत झालो नाही, हे सत्तावीस तारखेनं दाखवून दिलं. सकाळीच मॅनेजरचा फोन. "सर, गोठा उचलायला या ना आजच. एकतीसचा डीजेचा स्टेज तिथेच लागणार. अजिबात जागा नाहीये."

"सहा जानेवारीपर्यंत ठेवायचं ठरलं होतं. तीन राजांच्या सणापर्यंत."

"ख्रिसमस संपला ना, सर!"

"संपला नाही, सुरू झालाय!" मी ओरडलो. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, आम्ही येतो.

आम्ही दोघं गेलो. लॉनवर लोखंडी सांगाडे उभे राहत होते. सांता जमिनीवर चपटा पडला होता आणि एकजण त्याची घडी घालत होता. गोठ्याचे बांबू तोडून टाकलेले. माझ्या मूर्ती कुठे, विचारलं तर वॉचमननं मागे नेलं. जनरेटरच्या खोलीशेजारी, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटांना टेकवून ठेवल्या होत्या. गाढवाचा कान तुटला होता. बैल होता, तीन मेंढपाळ होते, योसेफ होता. मरिया आणि बाळ नव्हते.

मग मात्र माझा तोल सुटला. मॅनेजरला बोलावून घेतलं आणि सातवी ब मध्ये त्याला जसा बोलायचो तसा बोललो. तो बिचारा "सर, मी बघतो, सर, मी बघतो" म्हणत राहिला. शेवटी वॉचमन चाचरत म्हणाला, "साहेब, त्या झाडूवाल्या मावशी घेऊन गेल्या. पिशवीत नाही, कडेवर घेऊन गेल्या."

तिचं घर गावातच, रस्त्यापासून थोडं खाली, मळ्याच्या कडेला होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात कुळीथ पाखडत होती. आम्हाला बघून उठली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मास्तर, मी चोरी नाय केली हां. उन्हात टाकलीवती वो तिला. बाळंतिणीला उन्हात, डिझेलच्या वासात कोन ठेवतं? मी म्हटलं, मास्तर येतील तवर माज्याकडं ऱ्हावंदे."

आत माजघरात, वाऱ्याला आडोसा असलेल्या कोपऱ्यात तिनं गोधडीची घडी अंथरली होती. त्यावर मरिया. शेजारी सुपात, त्याच पातळाच्या कापडावर बाळ. बाळाच्या गालाला काजळाची तीट. माझ्या शाडूवर काजळ! इतर वेळी मी रंग खराब झाला म्हणून आकांत केला असता.

बायकोनं विचारलं, "आणि नवऱ्याला का नाही आणलंत हिच्या?"

"त्याचं काय काम बाळंतिणीच्या खोलीत?" ती म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की मला अंगणात जाऊन बसावं लागलं.

चहा घेताना ती म्हणाली, "आज तिसरा दिस ना? परवा पाचवी. मंग बारसं कदी करता तुमी?"

मी सांगितलं, की त्या लोकांत आठव्या दिवशी नाव ठेवायची रीत होती. सांगता सांगता हिशेब केला आणि माझं मलाच नवल वाटलं. पंचवीसपासून आठवा दिवस म्हणजे एक जानेवारी. त्या दिवशीच्या शास्त्रपाठात नामकरणाचा उल्लेख आहेच. लहानपणापासून त्या दिवशी मिस्सेला जातो. पण रात्रभरच्या जागरणानं निम्मं चर्च जांभया देत असतं आणि बाकीचं निम्मं एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असतं. ज्याचं बारसं, त्याची आठवण कुणाला नसते.

"मंग एक तारखेला या," ती म्हणाली. "तवर ऱ्हावंदे हितंच. मी घुगऱ्या करते."

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं होतं.

एक तारखेला सकाळची मिस्सा करून आम्ही रिक्षानं गेलो. बाकीच्या मूर्तींबरोबर घरी आणलेल्या योसेफाला मी सोबत घेतलं होतं. त्याला जनरेटरपाशी टाकून ठेवलं होतं याची मला उगाच लाज वाटत होती. रस्ताभर माझा मोबाइल किणकिणत होता. नवीन वर्षाचे गुलाब, उगवते सूर्य, नाचणारे ससे. शेवटी तो बंद करून खिशात टाकला.

घरात शेजारच्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. बायको आत गेली. मी पडवीत बसलो, योसेफाला शेजारी टेकवून ठेवला. दोघेही बाहेर. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी सवयीनं "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणायला लागलं, मग थबकलं आणि हसू फुटलं.

"ह्येचं नाव काय म्हनलात?" एकीनं विचारलं.

बायकोनं आधी गोष्ट सांगितली. मी चौतीस वर्षं सांगत होतो तशी नाही. तिनं सुरुवात केली ती कळांपासून. रस्त्यात पोटात कसं दुखायला लागलं असेल, दारं कशी बंद झाली असतील, आणि शेजारची एखादी बाई दिवा घेऊन कशी धावत आली असेल. हे शास्त्रात नाही, असं आतमध्ये ओरडून सांगावंसं मला वाटलं. पण बायका मध्ये मध्ये "व्हय वो," "असंच असतं" म्हणत होत्या, आणि मी गप्प बसलो. मग ती वाकली असावी, कारण आवाज आला नाही. बाळाच्या कानात नाव सांगितलं गेलं आणि मग सगळ्यांना: येशू.

"म्हनजे काय?"

"म्हणजे जो सोडवतो. माणसांना वाचवायला आला तो."

मग त्या झाडूवाल्या बाईचा आवाज आला, अगदी कळवळून: "एवढ्याशा पोराच्या डोस्क्यावर केवढं वझं वो! आईला ठावं हाय काय त्याच्या?"

"ठाऊक होतं," बायको म्हणाली. "थोडं थोडं."

पडवीत बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. साठी उलटलेल्या माणसानं, मातीच्या मूर्तीजवळ बसून. समोरच्या रस्त्यावरून आरे-वारेकडे जाणाऱ्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवत होत्या, आणि त्यांच्यावर चिडायचंही मी विसरलो होतो. थोड्या वेळानं ती बाई वाटीत घुगऱ्या घेऊन बाहेर आली.

"मास्तर," ती म्हणाली, "एक सांगू? राग नका धरू. तिला जरा आडवी करा. आट दिस बघते, बसूनच हाय. कंबर मोडंल तिची."

मार्चमध्ये मी नवी शाडू भिजवली. आडवी मरिया घडवायला फार जड जाते. झोपलेल्या माणसाचं वजन जमिनीवर कसं पडतं, ते माझ्या हाताला माहीतच नव्हतं. दोनदा मोडली. बायको स्वयंपाकघरातून येऊन बघायची आणि म्हणायची, "खांदा असा नाही राहत. दमलेल्या बाईचा खांदा खाली पडतो." मग ती स्वतः सतरंजीवर कुशीला वळून पडून दाखवायची आणि मी कुरकुरत माती परत मळायला घ्यायचो.